पार्श्वभूमी : 'संशयकल्लोळ' आणि रेवतीचं घर

विद्यापीठाच्या नाट्यविभागाने यंदा 'संगीत संशयकल्लोळ' करायचं ठरवलं आणि पहिल्याच वाचनाला वाद उभा राहिला. नाटकाची नायिका रेवती ही नायकिणीची, म्हणजे नाच-गाण्यावर जगणाऱ्या कलावंतिणीची, मुलगी आहे हे प्रयोगात ठेवायचं की गाळायचं? गाळावं म्हणणारे संख्येने जास्त होते. शेवटी ठेवायचं ठरलं. प्रयोगाबद्दल बाहेर जी विचारणा होते आहे ती बहुतेक या एका निर्णयाबद्दलच आहे, त्यामुळे त्याच्या मागचा इतिहास इथे जरा सविस्तर मांडतो आहे.

कथानक सांगत बसत नाही, ते मराठी प्रेक्षकाला पाठ आहे. मूळ बीज मोलिएरच्या १६६० मधल्या एका छोट्या एकअंकी नाटकात आहे. मूर्च्छा आलेल्या तरुणीच्या हातून प्रियकराची तसबीर पडते, ती भलत्याच्या बायकोच्या हाती लागते आणि दोन घरं पेटतात. आर्थर मर्फी याने त्यावरून १७६१ मध्ये लंडनच्या ड्र्युरी लेन थिएटरसाठी पाच अंकांचं नाटक रचलं. गोविंद बल्लाळ देवलांनी मर्फीचं नाटक घेतलं आणि १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक मराठीत आणलं. पदं घालून त्याचं 'संशयकल्लोळ' झालं ते १९१६ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले.

अभ्यासक्रमात हे नाटक 'कॉमेडी ऑफ मॅनर्स' या प्रकाराखाली शिकवलं जातं आणि खरा गुंता या नावापासूनच सुरू होतो. 'मॅनर्स' म्हटलं की विद्यार्थी शिष्टाचार समजतात. पहिल्या आठवड्यात तालमीला सगळे कमरेत वाकून नमस्कार करत होते, उपरणं सावरत होते, पगडीला हात लावून बोलत होते. जुनं नाटक म्हणजे जुन्या लकबी, असा समज. दुसरीकडे निम्मा वर्ग त्याला सरळ फार्स म्हणत होता. मराठी रंगभूमीवर फार्स हा शब्द जुना आहे. पौराणिक नाटक संपल्यावर, रात्र सरत आली की जोडीला एखादा फार्स करायची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली होती. पण फार्समधला माणूस मुळात खुळा असतो म्हणून फसतो. नाटकातला संशयी नवरा फाल्गुनराव खुळा नाही. त्याच्या जागी त्याच्या काळातला कोणताही प्रतिष्ठित गृहस्थ असता तरी बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून त्याचं डोकं फिरलंच असतं.

मला इथे 'जनरीत' हा आपला शब्द सगळ्यात नेमका वाटतो. कोणी कोणाकडे किती वेळ बघायचं, रस्त्यात कोणाला हात द्यायचा, बाईने खिडकीत किती उभं राहायचं, चारचौघांत नवऱ्याला काय विचारायचं आणि काय घरात आल्यावर. हे नियम कुठे लिहिलेले नसतात, तरी सगळ्यांना माहीत असतात. त्यातला एखादा चुकून मोडला की 'संशयकल्लोळ'मधलं हसू फुटतं. म्हणून हे नाटक समजायचं तर आधी १८९३ ची जनरीत समजायला हवी, आणि तिथेच रेवतीचा प्रश्न येतो.

मर्फीची नायिका बेलिंडा सभ्य घरातली, खात्यापित्या बापाची मुलगी आहे. ती वयात आलेली आहे, अविवाहित आहे, स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडते, प्रियकराची तसबीर जवळ बाळगते. लंडनमध्ये १७६१ साली हे चालून जात होतं. देवलांना ही मुलगी महाराष्ट्रात कुठे सापडणार होती? संमतिवयाचा कायदा झाला १८९१ मध्ये, म्हणजे नाटकाच्या दोनच वर्षं आधी. त्याने मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय, दहावरून बारा केलं, आणि तेवढ्यावरून पुणं-मुंबई ढवळून निघाली. ज्या समाजात बारा वर्षांवर एवढा गदारोळ होतो, तिथल्या पांढरपेशा घरात अठरा-वीस वर्षांची, लग्न न झालेली, प्रेमात पडलेली आणि रस्त्यात एकटी दिसणारी मुलगी रंगमंचावर आणली असती तर ती कोणाला खरी वाटली नसती. हाच लेखक पुढे १८९९ मध्ये म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या कोवळ्या मुलीवर 'शारदा' लिहितो. घरंदाज मुलीचं लग्न कोणत्या वयात आणि कोणाशी लावलं जातं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

देवलांनी मग बेलिंडाला उचलून मघा नायकिणीच्या घरात नेलं. वयात आलेली, गाणं शिकलेली, चार शब्द लिहू-वाचू शकणारी, देवळात जाणारी आणि आपण कोणावर प्रेम करायचं हे स्वतः ठरवू पाहणारी अविवाहित स्त्री त्या काळी त्याच घरात खरी वाटू शकत होती. त्यांच्यापुढे वाटही तयार होती. 'मृच्छकटिक' त्यांनी आधीच मराठीत आणलं होतं आणि त्यातली गणिका नायिका वसंतसेना प्रेक्षकांच्या ओळखीची झाली होती. रेवती ही माझ्या मते बेलिंडा आणि वसंतसेना या दोघींची मुलगी आहे. कथानक एकीचं, घर दुसरीचं. देवलांच्या रूपांतरातली ही सगळ्यात मोठी करामत आहे, आणि शाळा-कॉलेजच्या टिपणांत तिला एक ओळसुद्धा मिळत नाही याचं मला वाईट वाटतं.

संशय हा देवलांचा जुना विषय, हेही जाता जाता नोंदवायला हवं. १८९० मध्ये त्यांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं. ऑथेल्लोचा संसार एका रुमालापायी उद्ध्वस्त होतो. तीन वर्षांनी तसबीर आली आणि त्याच रोगावर लोक पोट धरून हसले. पात्रांची नावंही त्यांनी मन लावून निवडली आहेत. फाल्गुनराव, रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ, फाल्गुनरावाचा नोकर भादव्या हे पुरुष महिन्यांचे, तर फाल्गुनरावाची बायको कृत्तिका, रेवती, मघा या बायका नक्षत्रांच्या. वर्षातला शेवटचा महिना उतारवयाच्या नवऱ्याला दिला आहे.

आता १९१६. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. बोडसांचा फाल्गुनराव पुढच्या प्रत्येक नटाला मोजपट्टी होऊन बसला. रेवतीचं मात्र वेगळंच झालं. बालगंधर्वांची नायिका कोणत्याही नाटकातली असो, तिचं नेसणं, चालणं, पदर घेणं ही मोठ्या घरच्या बायकांसाठीच फॅशन होत होती. प्रेक्षकांना रेवतीत नायकिणीच्या घरातली मुलगी दिसेनाशी झाली. दिसू लागली ती भरजरी शालूतली खानदानी नायिका. पदांनी आणि शालूने मघा नायकिणीचं घर झाकून टाकलं. म्हणजे आज विद्यार्थी जे कात्रीने करू पाहत होते, त्याची सुरुवात एक शब्दही न गाळता शंभर वर्षांपूर्वी झाली होती.

याच काळात रेवतीच्या घरातली खरी स्त्री कुठे होती, हेही बघायला हवं. हिराबाई पेडणेकर नायकिणीच्या घराण्यातल्या. त्यांनी स्वतः नाटकं लिहिली आणि त्यांचं 'संगीत दामिनी' १९१२ मध्ये रंगमंचावर आलं, रेवती गाऊ लागली त्याच्या चार वर्षं आधी. रंगमंचावर त्या घरातली मुलगी पुरुष साकारत होता, आणि त्या घरातली जिवंत बाई हातात लेखणी घेऊन उभी होती. मराठी संगीत नाटकाचा इतिहास सांगताना ही दोन वर्षं शेजारी-शेजारी ठेवूनच सांगावीत असं मला वाटतं.

बोलपट आल्यावर संगीत नाटकाची जी उतरण लागली ती सर्वांना माहीत आहे. 'संशयकल्लोळ' त्यातूनही तगलं, पण आखडत गेलं. रात्रभराचं नाटक अडीच-तीन तासांत बसवायचं म्हणजे काहीतरी जाणारच. पदं सहसा कोणी सोडत नाही, कारण लोक त्यांच्यासाठी येतात. भादव्याची वाक्यं कोणी सोडत नाही, कारण तिथे हशा आहे. मी पाहिलेल्या प्रयोगांत कात्री पहिल्यांदा लागली ती रेवतीच्या घराविषयीच्या बोलण्याला. दोन वाक्यं इथली, चार तिथली असं करत करत रेवती कोणा शेठजीची लाडकी लेक वाटू लागली.

नाट्यविभागातल्या वादात गाळण्याच्या बाजूचं म्हणणं हलकं नव्हतं. 'नायकीण' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कलावंत समाजाने तो शिक्का पुसायला काही पिढ्या घालवल्या आहेत. प्रेक्षागृहात त्या घरातली कोणी बसलेली असेल तर तिच्यासमोर तो शब्द विनोदी नाटकात का उच्चारायचा? हे एका विद्यार्थिनीने विचारलं तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

उत्तर संहितेतूनच आलं. रेवतीचं घर काढून टाकलं आणि दुसऱ्या अंकापासून पुढे वाचायला घेतलं, तर अश्विनशेठ एकदम उथळ वाटू लागला. आपली तसबीर फाल्गुनरावाकडे असल्याचं कळताच तो रेवतीवरचा विश्वास इतक्या झटकन का गमावतो? कारण त्या घरातल्या मुलीबद्दल असा संशय घ्यायची मुभा जनरीतीने त्याला आधीच देऊन ठेवली आहे. तो प्रेम करतो, लग्नाचं वचन देतो, आणि पहिल्याच धक्क्याला चारचौघांसारखा वागतो. शेवटी तो तिच्याशी लग्न करतो, त्याचं मोलही तिचं घर माहीत असेल तरच कळतं. फाल्गुनरावाला संशय आला तर बायकोला बोलणी बसतात. रेवतीवर संशय आला तर तिला मिळू घातलेलं घरच जातं. नाटकात सगळ्यात जास्त पणाला तिचं लागलेलं आहे, आणि ते गाळलं तर आपण तिचा मान राखत नाही, तिची लढाई पुसतो.

म्हणून देवलांनी जिथे तो शब्द ठेवला तिथे तो राहिला. गेली ती नटांनी वर्षानुवर्षं हशासाठी घुसडलेली पदरची वाक्यं. पदं निम्म्यावर आणली आहेत. विभागात गाऊ शकणारी मुलं मोजकीच आहेत, आणि पद नीट म्हणता येत नसेल तर ते न म्हणणं बरं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. साथीला ऑर्गन आणि तबला एवढंच.

तसबिरीवरही बरीच खटपट झाली. मर्फीच्या काळी प्रेमिक हाताने रंगवलेलं छोटं चित्र देत. १८९३ पर्यंत आपल्या शहरांत फोटोचे स्टुडिओ आले होते आणि 'तसबीर' या शब्दात दोन्ही बसतं. आम्ही त्या काळच्या पद्धतीचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण साडेचार बाय साडेसहा इंचांचा फोटो करून घेतला. पण रेवतीला मूर्च्छा आली की तो पुठ्ठा तरंगत जाऊन विंगेत शिरायचा. शेवटी त्याला बारीक लाकडी चौकट केली आणि काच मुद्दाम लावली नाही. आता तो पडतो तिथेच राहतो, आणि पडल्याचा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू जातो.

कृत्तिकेचं काम करणारी मुलगी सुरुवातीला हा आवाज झाला की खिडकीपासून थेट धावत खाली यायची. गेल्या आठवड्यापासून ती आधी थांबते, शेजारच्या माडीवरून कोणी बघत नाही ना हे बघते, डोक्यावरचा पदर सारखा करते आणि मग जिना उतरते.