नावाची वाटणी: सबडोमेन दुसऱ्याच्या हाती देताना

इंटरनेटवरच्या सगळ्या नावांची संपूर्ण यादी आज जगात कुणाकडेही नाही. एके काळी होती. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, दिवसांत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे, एसआरआय या संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी ‘होस्ट्स’ नावाची एक फाइल सांभाळायची. नवा कंप्युटर जोडला की त्याचं नाव आणि पत्ता तिथे कळवायचा, आणि बाकीच्यांनी ती फाइल अधूनमधून उतरवून घ्यायची. यंत्रं वाढत गेली तसं हे काम हाताबाहेर जाऊ लागलं. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी त्यावर जो तोडगा मांडला, तो डीएनएस, म्हणजे ‘डोमेन नेम सिस्टिम’: नावावरून यंत्राचा पत्ता शोधायची व्यवस्था. एकच फाइल दहा ठिकाणी ठेवणं एवढंच त्यात असतं, तर ते एव्हाना कोसळलं असतं. खरी हुशारी वेगळीच होती: नावातल्या कुठल्याही टिंबापाशी मालक बदलू शकतो.

समजा, महाविद्यालय.भारत हे नाव एका कॉलेजचं आहे. (नाव उदाहरणापुरतं. .भारतखाली देवनागरी नावं २०१४ पासून मिळतात. यंत्रं आतल्या आत त्यांचं रोमन रूप वापरतात.) कॉलेजच्या ग्रंथालयाला पुस्तकांची सूची, वाचकांची खाती, जुन्या अंकांचा संग्रह अशी बरीच नावं हवी आहेत, आणि दर वेळी कंप्युटर सेंटरकडे अर्ज करून ग्रंथपाल कंटाळले आहेत. मग सेंटर म्हणतं, ‘ग्रंथालय.महाविद्यालय.भारत’ आणि त्याखालचं सगळं तुमचं, तुम्हीच सांभाळा. याला डेलिगेशन म्हणतात. शेतीच्या वाटणीसारखंच हे. धाकट्याचा तुकडा कुठून सुरू होतो ते थोरला दाखवू शकतो, पण त्यात काय पेरलंय हे सांगायचा हक्क आता त्याचा नाही.

हा हक्क तांत्रिक अर्थानेही खरा आहे. तुमच्या मोबाइलने ‘सूची.ग्रंथालय.महाविद्यालय.भारत’चा पत्ता विचारला की सेवा देणाऱ्या कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे पत्ता शोधून आणणारा सर्व्हर, कामाला लागतो. तो रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरला, विचारतो. रूटला उत्तर माहीत नसतं, पण .भारतचे नेमसर्व्हर, म्हणजे नावांची माहिती सांगणारे सर्व्हर, कोणते ते तो सांगतो. .भारत बोट दाखवतो कॉलेजच्या सर्व्हरकडे, आणि कॉलेजचा सर्व्हर ग्रंथालयाकडे. शेवटी ग्रंथालयाचा सर्व्हर पत्ता देतो. त्या उत्तरावर ‘हे अधिकाराने सांगतोय’ अशी एका बिटची खूण असते. आधीच्या तिघांनी नुसत्या दिशा दाखवल्या, म्हणून त्यांच्या उत्तरांवर ती नसते. एकदा मिळालेली उत्तरं रिझॉल्व्हर ठरावीक वेळ लक्षात ठेवतो. ती मुदत म्हणजे टीटीएल. म्हणूनच प्रत्येक क्लिकला रूटपर्यंत हेलपाटा पडत नाही.

आता ग्रंथालयाला करायचं काय? एका लिनक्स मशीनवर नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवायचं. बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात लिहायला घेतलेलं ‘बाइंड’ आजही सर्रास वापरलं जातं. मग झोन फाइल लिहायची, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या नावांची (झोनची) नोंदवही. तिच्या डोक्यावर एसओए ही नोंद: मुख्य सर्व्हर कोणता, जबाबदार माणसाचा ईमेल काय, आणि फाइलचा क्रमांक किती. हा क्रमांक क्षुल्लक वाटतो, पण दुय्यम सर्व्हर (याच फाइलची प्रत ठेवणारा जोडीदार) तेवढंच पाहून ठरवतो की नवी प्रत आणायची की नाही. फाइल बदलली आणि क्रमांक वाढवायचा राहिला, तर एक सर्व्हर नवं सांगतो, दुसरा जुनं, आणि ‘माझ्याकडे उघडतंय, तुझ्याकडे का नाही’ हा वाद सुरू होतो. एसओएखाली एनएस नोंदी, म्हणजे या झोनचे नेमसर्व्हर कोणते. मग ए नोंदी, म्हणजे कोणत्या नावाचा आयपी पत्ता काय. ५३ नंबरचं पोर्ट यूडीपी आणि टीसीपी या निरोप पोचवायच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडायचं. फायरवॉलवाले बऱ्याचदा फक्त यूडीपी उघडतात; मग छोटी उत्तरं येतात आणि मोठी अडकतात. शिवाय परक्या कुणासाठी भलत्याच नावांचा शोध घेत फिरायचं नाही, म्हणजे रिकर्शन बंद ठेवायचं. नाहीतर आपला सर्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांत राबवला जातो.

झोन फाइलमध्ये सगळ्यात जास्त छळतं ते एक टिंब. पूर्ण नाव लिहिलं की शेवटी टिंब द्यावं लागतं. ते राहिलं तर सॉफ्टवेअरला वाटतं की नाव अर्धवट आहे, आणि ते इमानेइतबारे पुढे झोनचं नाव जोडतं. परिणामी ‘सूची.ग्रंथालय.महाविद्यालय.भारत.ग्रंथालय.महाविद्यालय.भारत’ असं कुणीही न मागितलेलं नाव तयार होतं. एररही येत नाही, कारण नियमाने ते बरोबरच असतं.

इथवर अर्धंच काम झालं. उरलेलं कॉलेजच्या फाइलमध्ये व्हायचं असतं, आणि ती फाइल ग्रंथालयाच्या हातात नाही. सेंटरने तिथे ग्रंथालयाच्या नावाच्या एनएस नोंदी घालायच्या. समजा, ग्रंथालयाच्या नेमसर्व्हरचं नाव ‘नेम१.ग्रंथालय.महाविद्यालय.भारत’ आहे. ग्रंथालयाखालचं काहीही शोधायला नेम१ गाठायला हवा, आणि नेम१चा पत्ता मात्र ग्रंथालयाच्याच झोनमध्ये! या पेचातून सुटायला कॉलेजच्या सर्व्हरवर नेम१चा आयपी पत्ताही लिहून ठेवतात. त्याला ग्लू म्हणतात. ग्रंथालयाने मशीन बदललं की आपल्याकडचा पत्ता लगेच बदलतो. कॉलेजकडचा ग्लू कळवल्याशिवाय बदलत नाही, आणि कळवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

क्रमालाही महत्त्व आहे. आधी ग्रंथालयाचा सर्व्हर उत्तरं देऊ लागला पाहिजे, मगच कॉलेजने एनएस नोंदी घालायच्या. उलटं झालं तर कॉलेज अशा दाराकडे बोट दाखवतं जिथे कुणी ओ देत नाही. तांत्रिक भाषेत हे लेम डेलिगेशन. आणखी एक खोच: ग्रंथालयाची काही नावं आधीपासून कॉलेजच्या फाइलमध्ये असतील, तर वाटणी होताक्षणी ती दिसेनाशी होतात. फाइलमध्ये ओळी तशाच असतात, पण त्या सांगायचा हक्क आता कॉलेजला नाही. म्हणून त्या आधीच खालच्या फाइलमध्ये उतरवून घ्याव्या लागतात. तपासायला ‘डिग’ ही आज्ञा आहे. तिला ‘ट्रेस’ जोडलं की रूटपासून एकेक पायरी डोळ्यांसमोर उलगडते. ब्राउझरमध्ये उघडतंय म्हणजे झालं, यावर मात्र विसंबू नये. ब्राउझर जुन्या आठवणीवरही उघडतो.

नेमसर्व्हर किमान दोन हवेत हे १९८७ च्या मूळ नियमांतच आहे. लोक दोन ठेवतातही, पण एकाच खोलीत, एकाच वायरीवर. मोठ्यांचंही असं झालेलं आहे. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइट्स जवळजवळ दिवसभर बहुतेकांना उघडेनात. नेमसर्व्हर चार होते, पण चारही एकाच नेटवर्कवर, आणि राउटरच्या सेटिंगमधला एक बदल चुकला. वेबसाइट्सची यंत्रं ठणठणीत होती. फक्त त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

सही केलेल्या डीएनएसची, म्हणजे उत्तर खरं आहे हे डिजिटल सहीने पटवणाऱ्या डीएनएससेकची, भानगड यावर आणखी एक थर चढवते. ग्रंथालयाच्या किल्लीचा ठसा कॉलेजच्या फाइलमध्ये डीएस नोंद म्हणून ठेवावा लागतो. किल्ली बदलली आणि ठसा जुना राहिला, तर सही तपासणारे रिझॉल्व्हर ते नाव साफ नाकारतात. माझं मत असं की वरच्या फाइलशी साधा एनएसचा मेळ राखायची सवय ज्यांना नाही, त्यांनी सहीच्या वाटेला घाईने जाऊ नये.

एनएस नोंदी वरही असतात आणि खालीही. दोन्ही जुळल्या नाहीत तर खरं कुणाचं? १९९७ मध्ये नियम स्पष्ट झाला: खालच्याचं. वरची नोंद आणि तिच्यासोबतचा ग्लू म्हणजे निव्वळ वाट दाखवणं. हा नियम किती दूर नेतो ते २०१७ मध्ये .आयओ या डोमेनवर दिसलं. त्याच्या सात नेमसर्व्हरपैकी काहींची नावं .आयओखालचीच होती, ‘एनएस-ए१.आयओ’ अशी. त्यांचे ग्लू रूटमध्ये व्यवस्थित होते, सगळं सुरळीत चाललं होतं. सुरक्षा संशोधक मॅथ्यू ब्रायंट याने सहज पाहिलं, तर ते नाव विकत घेण्यासाठी मोकळं होतं. त्याने ते घेतलं. आता त्या नावाचा पत्ता अधिकाराने सांगणारा तोच, आणि रूटमधल्या ग्लूपेक्षा त्याच्या शब्दाला वजन जास्त. अख्ख्या .आयओसाठीच्या प्रश्नांपैकी काही त्याच्या सर्व्हरवर येऊ लागले. त्याने सर्व्हर बंद केला, संबंधितांना कळवलं, आणि मग रजिस्ट्रीने, म्हणजे .आयओची नावं सांभाळणाऱ्या संस्थेने, ते नाव त्याच्याकडून काढून घेतलं.