यंग, केव्हिन

यंग, केव्हिन : (८ नोव्हेंबर १९७०). अमेरिकन कवी, संपादक, निबंधकार आणि प्राध्यापक. जन्म नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे. शालेय शिक्षण बरेचसे कॅन्ससमधील टोपेकात. आईवडिलांची पाळेमुळे मात्र लुइझिआनातली, आणि तिथले नातेवाईक, तिथला स्वयंपाक, तिथली कबरस्ताने त्यांच्या कवितेत सतत येत राहतात.

हार्व्हर्ड विद्यापीठात (पदवी १९९२) शेमस हीनी आणि लूसी ब्रॉक-ब्रॉइडो या कवींच्या हाताखाली ते शिकले. याच काळात ‘डार्क रूम कलेक्टिव्ह’ या कृष्णवर्णीय तरुण लेखकांच्या गटात ते सामील झाले. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांच्या अंत्यविधीहून (१९८७) परतलेल्या तरुणांनी केंब्रिजमधल्या एका घरात हा गट उभा केला होता. पुढे राजकवी झालेल्या नताशा ट्रेथवे आणि ट्रेसी के. स्मिथ याच गटातल्या. यानंतर स्टॅनफर्डची लेखनवृत्ती आणि ब्राउन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी (१९९६) त्यांनी मिळवली. पहिला संग्रह मोस्ट वे होम (१९९५) कवयित्री ल्युसिल क्लिफ्टन यांनी ‘नॅशनल पोएट्री सिरीज’साठी निवडला होता.

कवितेसाठी ते अनेकदा कागदपत्रांत, संगीतात किंवा चित्रांत शिरतात. टू रिपेल घोस्ट्स (२००१) हा चित्रकार बास्कियावरचा दीर्घ काव्यग्रंथ. जेली रोल (२००३) हा कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज गाण्यांच्या ठेक्यावरच्या प्रेमकवितांचा संग्रह; त्याला नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत स्थान मिळाले होते. आर्डन्सी (२०११) गुलाम म्हणून नेले जात असताना आमिस्ताद जहाजावर बंड करणाऱ्या आफ्रिकी लोकांविषयी असून त्यावर त्यांनी सुमारे वीस वर्षे काम केले. तरी त्यांचे सर्वांत टिकाऊ पुस्तक बहुधा बुक ऑफ अवर्स (२०१४). २००४ मध्ये वडील शिकारीतल्या अपघातात अचानक गेले. त्यानंतर मागे उरलेले कपडे आणि पाळलेले कुत्रे यांचे काय करायचे, असल्या साध्या कामांतून या कवितांत शोक उभा राहतो, आणि पुढच्या भागात मुलाचा जन्म येतो. मोठ्या शब्दांचा आधार न घेता लिहिलेली इतकी थेट विलापिका समकालीन अमेरिकन कवितेत कमीच आढळते.

संपादन हा त्यांच्या लेखनाचाच दुसरा हात. शोककवितांचे द आर्ट ऑफ लूझिंग (२०१०) हे संकलन त्याच दुःखातून निघाले. क्लिफ्टन यांची समग्र कविता (२०१२) त्यांनी मायकेल ग्लेझर यांच्यासह संपादित केली. लायब्ररी ऑफ अमेरिकासाठी केलेला आफ्रिकन-अमेरिकन कवितेचा बृहद्‌संग्रह (२०२०) अडीचशे वर्षांचा पट मांडतो. बंक (२०१७) हा गद्यग्रंथ थापा आणि बनावट बातम्यांचा अमेरिकन इतिहास सांगतो. त्यात वंशभेद हा या फसवणुकीचा कणा ठरतो. पुस्तक पसरट आहे, पण मुद्दा पक्का आहे.

जॉर्जिया, इंडियाना आणि २००५ पासून अटलांटातील एमरी विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. एमरीत सुमारे ७५,००० ग्रंथांच्या डॅनोस्की काव्यसंग्रहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. २०१६ ते २०२० या काळात ते न्यूयॉर्कच्या हार्लेममधील शॉम्बर्ग या कृष्णवर्णीय संस्कृतीच्या संशोधन केंद्राचे संचालक होते. बाल्डविन यांचे कागदपत्र तिथे आले, ते याच कारकिर्दीत (२०१७). त्याच वर्षी पॉल मल्डून यांच्यानंतर न्यू यॉर्कर साप्ताहिकाचे काव्यसंपादकपद त्यांच्याकडे आले. २०२१ पासून वॉशिंग्टनमधील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे ते संचालक होते. २०२५ मध्ये त्यांनी ते पद सोडले. न्यू यॉर्करच्या शतकभरातील कवितांचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथही त्याच वर्षीचा.