पारा ४३ वर, तरी सोलापूरच्या अंदाजात ‘लाट’ का नसते?

येत्या आठवड्याचा अंदाज आला की सोलापुरात एकच प्रश्न निघतो. पारा ४३ वर, रस्त्यावरचं डांबर पाघळलेलं, तरी हवामान खात्याच्या पत्रकात ‘उष्णतेची लाट’ हे शब्द का नाहीत? उत्तर निकषांत आहे. मैदानी भागात कमाल तापमान आधी ४० अंशांवर जावं लागतं, वर ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असावं लागतं. फरक त्याहून मोठा असेल तर तीव्र लाट. सरासरी बाजूला ठेवून थेट ४५ अंश झाले तर लाट, ४७ झाले तर तीव्र लाट. हे सगळं एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस घडलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

सोलापूरची मे महिन्यातली सरासरीच ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे इथे लाट ठरायला पारा साडेचव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जायला हवा. किनारपट्टीला ३७ अंशांपासून निकष लागू होतो, त्यामुळे मुंबईला ३८-३९ वर इशारा येतो आणि सोलापूरला ४३ वर येत नाही. यात खात्याची चूक नाही, पण इशारा नाही म्हणून धोका नाही असं समजणं मात्र घातक आहे. तापमान मोजतात ते सावलीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. पत्र्याखाली यंत्रमाग चालवणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं.

या भागासाठी हवामानाकडे पाहिलं गेलं ते मुळात पावसासाठी. हवामान खातं १८७५ साली सुरू झालं आणि लगेच १८७६-७८ चा दुष्काळ पडला. त्यात सोलापूर जिल्हा होरपळला. मोसमी पावसाचे नियमित अंदाज १८८६ पासून निघू लागले. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, १९३२ मध्ये तिथे कृषी हवामान विभाग उघडला आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता १९४५ पासून. या सगळ्यात उन्हाळा होता तो फक्त पावसाआधीचा काळ म्हणून. उष्णता हीच आपत्ती मानून शहरपातळीवर आराखडा करण्याची पद्धत फार अलीकडची: अहमदाबादने तो २०१३ मध्ये केला, तोही २०१० च्या मे महिन्यात माणसं दगावल्यावर.

सोलापूर इतकं का तापतं, हे शिवारात दिसतं. हा रब्बी ज्वारीचा मुलूख. काढणी झाली की मार्चपासून काळी रानं उघडी पडतात, भेगाळतात. जमिनीत ओल असती तर उन्हाचा बराच भाग तिची वाफ करण्यात खर्ची पडला असता; कोरड्या काळ्या मातीत तो थेट हवा तापवतो. त्यात मेच्या १०-१२ तारखेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सह्याद्रीच्या पलीकडचा समुद्री वारा इथवर पोचेपर्यंत कोरडा झालेला असतो. उजनीच्या पाण्यावरचा ऊसपट्टा एवढाच काय तो अपवाद.

म्हणून आठवड्याच्या तक्त्यात कमाल तापमानाआधी वारा पाहावा. वायव्येकडून कोरडं वारं असेल तर पारा चढत जातो, पण रात्र जरा निवते. दक्षिण-आग्नेयेकडून वारं फिरलं की बंगालच्या उपसागरावरची ओल येते. पारा दोन-तीन अंश उतरतो, पण उकाडा वाढतो आणि रात्रीही अंग निवत नाही. कमाल ४० च्या वर असताना किमान तापमानही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त राहिलं, तर त्याला ‘उष्ण रात्र’ म्हणतात. आमच्या मते सोलापूरकरांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचा रकाना हाच, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रच मिळत नाही.

विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाच्या अंतर्भागाकडे हवेच्या कमी दाबाची द्रोणिका, म्हणजे लांबट पट्टा, पसरलेली असेल तर वळीव येतो. सोलापूर ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात मोडतं खरं, पण त्यात पुणे, नाशिक, महाबळेश्वरही आहेत. तेव्हा उपविभागाचा एकत्रित मजकूर न वाचता जिल्ह्याची ओळ वाचावी आणि शेजारच्या धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरचीही पाहावी. मार्च-एप्रिलमध्ये बेदाण्याच्या शेडवर माल असतो. वाळायला बारा-पंधरा दिवस लागतात, मधे ओलसर वारं शिरलं की रंग काळवंडतो, बुरशी धरते. अंदाजात मेघगर्जना दिसताच शेडच्या वाऱ्याकडच्या बाजू ताडपत्रीने बंद करायला हव्यात.

तापमानाचा अंदाज चार-पाच दिवस आधी बराच जमतो, वळीव नेमका कोणत्या गावावर कोसळेल हे मात्र तेव्हा सांगता येत नाही. त्यासाठी दर तीन तासांचा तात्कालिक इशारा पाहावा. रानात असाल तर ‘दामिनी’ ॲप उघडावं, २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज कुठे पडते आहे ते त्यात दिसतं.