एरलांड योसेफसन: खुर्चीतली नऊ वर्षं आणि त्यानंतरचा नट

स्वीडिश नट एरलांड योसेफसन यांना दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या नावाशी जोडून ‘बर्गमनचा नट’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. दोघांची ओळख शाळकरी वयातली, स्टॉकहोमच्या हौशी रंगभूमीवरची. पुढे हेलसिंगबोरी आणि योतेबोरी इथल्या नगर-रंगभूमीवर योसेफसन यांनी दहा-अकरा वर्षं उमेदवारी केली आणि १९५६ मध्ये ते राजधानीतल्या राष्ट्रीय नाट्यगृहात, ड्रामाटेनमध्ये आले. सोबतीला लेखन होतंच. बर्गमनबरोबर एका सामाईक टोपणनावानं त्यांनी पटकथाही लिहिल्या.

वाद आहे तो १९६६ च्या निर्णयावर. बर्गमन तीन वर्षांत ड्रामाटेनच्या प्रमुखपदावरून बाजूला झाले आणि त्या खुर्चीवर त्रेचाळिशीतले योसेफसन बसले, ते थेट १९७५ पर्यंत. नटाच्या ऐन भरातला हा काळ फायली, अंदाजपत्रकं आणि बैठकांत गेला, असा आक्षेप घेतला जातो. भूमिका कमी झाल्या हे खरंच. शिवाय १९६८ च्या युवक-आंदोलनांनंतरचा काळ, तरुण कलाकार प्रत्येक सरकारी संस्थेला जाब विचारत होते. पण याच काळात बर्गमन पाहुणे दिग्दर्शक म्हणून त्या रंगमंचावर परतले. १९६९ चं ‘वॉयझेक’, १९७० चं ‘स्वप्ननाटक’, १९७३ चं ‘पिशाच्च सोनाटा’ हे प्रयोग योसेफसन यांच्या कारकिर्दीतले. दुसऱ्याच्या कामासाठी जागा मोकळी ठेवणारा प्रमुख रंगभूमीला क्वचित मिळतो. ही वर्षं वाया गेली, हे मला मुळीच पटत नाही.

नट म्हणूनही ती फळाला आली. ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ ही सहा भागांची मालिका १९७३ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीवर आली तेव्हा योसेफसन पन्नाशीला टेकले होते आणि खुर्ची अजून सुटली नव्हती. त्यांचा योहान रात्री घरी येतो, बायकोनं समोर ठेवलेलं खातो आणि आपण दुसरीवर प्रेम करतो, उद्या पॅरिसला निघालो, असं सांगून टाकतो. मग दोघं मिळून त्याची बॅग भरतात. आवाज कुठेही चढत नाही. स्वतःच्या शहाणपणावर विसंबलेला माणूस आतून कसा पोकळ असतो, हे योसेफसन नुसत्या सभ्य सुरात दाखवतात. अधिकाराच्या जागी बसून अशी माणसं रोज पाहिल्याशिवाय हा सूर सापडत नाही, असं मला वाटतं.

जगानं त्यांना ओळखलं ते यानंतर. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’मधला (१९८२) ज्यू व्यापारी, रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्कींच्या ‘नोस्टाल्जिया’त (१९८३) रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यावर चढून स्वतःला पेटवून घेणारा डोमेनिको, १९८८ मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ नाटकातला गायेव, हे सगळे साठीच्या आसपासचे.

तारकोव्हस्कींच्याच ‘द सॅक्रिफाइस’चं (१९८६) चित्रीकरण स्वीडनच्या गॉटलंड बेटावर झालं. त्यात नायक आपलंच घर जाळतो. पहिल्या वेळी कॅमेरा अडकला आणि घर जळून गेलं. पुन्हा घर बांधलं, पुन्हा पेटवलं. सहा मिनिटांहून लांब अशा त्या एकाच शॉटमध्ये योसेफसन चिखलपाण्यातून धावतात, पकडले जातात, निसटतात. या भूमिकेसाठी त्यांना स्वीडनचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार मिळाला.

‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’चा पुढचा भाग असलेल्या बर्गमनच्या २००३ च्या ‘साराबांद’मध्ये ते ऐंशीव्या वर्षी योहान म्हणून परतले. पुढे पार्किन्सननं त्यांना घेरलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं.