नळाला घाण पाणी येतंय? सोलापुरात तक्रार अर्ज, पाणी तपासणी आणि अपील कसं करायचं

पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पिवळट येतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण आपल्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मधल्या काळात लाईन कोरडी पडलेली असते, बसलेला गाळ आधी बाहेर येणारच. पण पंधरा-वीस मिनिटं झाली तरी पाणी काळपट यायलंय, ड्रेनेजचा वास यायलाय, फेस नाहीतर अळ्या दिसायल्यात, तर मग ते गाळाचं काम नाही. कुठंतरी लाईन लिक आहे आणि शेजारच्या गटारीतलं पाणी आत शिरतंय. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर पाईपातून पाकणीला येतं, टाकळीचं सोरेगावला, हिप्परग्याचं भवानी पेठेत, तिथं गाळून क्लोरीन टाकून पुढं जातं हे खरं, पण घाण बहुतेक वेळा त्यानंतरच्या गल्लीतल्या पाईपात मिसळते. लाईन रिकामी झाली की आतला दाब जातो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्यात कुणी नळाला डायरेक्ट मोटार लावली असेल तर विचारूच नका, ती पाण्यासोबत गटारसुद्धा ओढते.

अशा वेळी आपण चावीवाल्याला (गल्लीत पाणी सोडणाऱ्याला) गाठतो, तो "सांगतो साहेबांना" म्हणतो आणि पुढच्या गल्लीत जातो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, पण तोंडी सांगितलेल्याला ना तारीख ना नंबर. बऱ्याच जणांना माहीत नसतं की महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली महापालिकांच्या ज्या पाणीपुरवठा सेवा अधिसूचित झाल्यात त्यात नवीन नळजोडणी, मालकी हक्कात बदल, थकबाकी नसल्याचा दाखला यांच्यासोबत "पाण्याची गुणवत्ता तक्रार" ही पण एक सेवा आहे, म्हणजे तिला ठरलेली मुदत आणि अपील आहे. कमी दाबाची तक्रार वेगळी, गुणवत्तेची वेगळी. त्यामुळं अर्जाच्या विषयात हेच शब्द लिहा. "पाणी घाण येते बाबत" असं लिहिलं की ते नुसतं निवेदन होतं आणि निवेदनांच्या गठ्ठ्यात जातं.

अर्ज लिहायच्या आधी एक काम करा, आजूबाजूच्या चार घरांत विचारा. सगळ्या गल्लीत तसंच पाणी असेल तर दोष मेन लाईनचा, तो महापालिकेनं शोधायचा. फक्त तुमच्याच घरात असेल तर मेन लाईनपासून तुमच्या घरापर्यंतचा पाईप सडलेला असायची शक्यता जास्त, आणि त्या तुकड्याची दुरुस्ती नळधारकानं करायची असते, परवानाधारक प्लंबरकडून, आणि रस्ता खोदायचा असेल तर आधी परवानगी घेऊन. जुन्या पेठांत हे फार दिसतं, जुना लोखंडी पाईप थेट गटारीतनं गेलेला असतो आणि वरनं कुणाला पत्ता नसतो.

आता अर्ज कोण करू शकतो? नळ ज्याच्या नावावर आहे तो तर करूच शकतो. भाडेकरू असाल तर मालकाच्या पाणीपट्टीच्या पावतीची झेरॉक्स लावा आणि आपण तिथं भाड्यानं राहतो असं अर्जात सरळ लिहा. अपार्टमेंट किंवा सोसायटी असेल तर चेअरमन-सेक्रेटरीच्या सहीनं लेटरहेडवर एकच अर्ज द्या, वीस फ्लॅटचे वीस अर्ज दिले तर वीस वेगवेगळे नंबर पडतात आणि सगळेच रखडतात. गल्लीतल्या लोकांनी मिळून द्यायचा असेल तर एकाच्या नावानं अर्ज करा आणि बाकीच्यांच्या सह्या पत्त्यासकट मागं जोडा.

कागदपत्रं फार लागत नाहीत. पाणीपट्टी नाहीतर मिळकत कराची शेवटची पावती (त्यावरचा ग्राहक किंवा मिळकत क्रमांक अर्जात उतरवून घ्या), आधारची झेरॉक्स, मोबाईल नंबर, पत्ता खुणेसकट, आणि असेल तर फोटो. फोटो काढताना पारदर्शक बाटलीत पाणी भरून पांढऱ्या भिंतीसमोर ठेवा, बादलीतलं पाणी फोटोत कसंही दिसतं. घरात कुणाला जुलाब, टायफॉईड, कावीळ झाली असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जरूर लावा, मग प्रकरण आरोग्य विभागाकडं पण जातं आणि हालचाल लवकर होते. थकबाकी असली तरी तक्रार द्यायला घाबरू नका, पण काउंटरवर तोच विषय निघणार, तेव्हा जमलं तर भरून टाका.

अर्जातला मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे. कुठल्या तारखेला, किती वाजता पाणी सुटलं, किती मिनिटांनी नमुना बघितला, रंग-वास कसा, किती घरांत तसं आहे, जवळ गटार किंवा ड्रेनेज चेंबर तुंबलंय का, अलीकडं कुणी खोदकाम केलंय का (केबलवाले, ड्रेनेजवाले, कुणीही). आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडं पुढचं पाणी कधी येणार तो दिवस आणि अंदाजे वेळ. हे लिहिलं नाही तर माणूस बघायला येतो तो पाणी नसलेल्या दिवशी, कोरड्या नळाचा फोटो काढतो आणि "पाहणी केली, दोष आढळला नाही" म्हणून फाईल बंद. रोज पाणी येणाऱ्या गावात ही अडचण नसते, आपल्याकडं आहे. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: पाणी सुटलेलं असताना नळावर क्लोरीनची तपासणी करावी, जंतू तपासणीसाठी नमुना घ्यावा, गळती शोधून दुरुस्त करावी आणि अहवालाची प्रत द्यावी.

अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या भागाच्या झोन ऑफिसला नाहीतर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात द्या. जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, विडी घरकुल अशा हद्दवाढ भागातल्यांनी आपला झोन कुठला ते पावतीवर बघून घ्यावं, उगाच हेलपाटा होतो. आता पोच. कायद्यानं पोचेत अर्ज मिळाल्याची तारीख, ठिकाण, अर्जाचा क्रमांक आणि किती दिवसांत काम होणार ती मुदत, हे सगळं असायला पाहिजे. नुसता गोल शिक्का मारून दिला तर "साहेब, नंबर टाका" म्हणा. मुदत किती आणि अपील कुणाकडं हे ऑफिसमधल्या सेवांच्या बोर्डावर लावणं बंधनकारक आहे, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ही मुदत सगळे कागद लावलेला अर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून कागद अपुरे ठेवू नका.

तपासणीला माणूस आला की तो काय करतो हे बघायला हरकत नाही. साधी ओटी टेस्ट असते, काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकतात, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, काहीच रंग आला नाही तर नाही. नळाच्या टोकाला लिटरमागं किमान ०.२ मिलीग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं असावं असं प्रमाण आहे. नमुना नळावरच द्या, टाकीतला किंवा हौदातला देऊ नका, नाहीतर "तुमचीच टाकी घाण आहे" हे ऐकून घ्यावं लागतं आणि त्यावर आपल्याकडं उत्तर नसतं.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा आहे, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या खाजगी लॅब पण चालतात, फी भरून पावती घ्यायची. जंतू तपासणीसाठी घरची बिसलरीची बाटली चालत नाही, लॅबमधूनच निर्जंतुक बाटली आणा, तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं म्हणून ती विसळायची नाही. नळाचं तोंड पुसून, थोडं तापवून, दोन मिनिटं पाणी सोडून मग भरायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोचवायची, चोवीस तासांच्या पुढं तर नकोच. पाणी रात्री दोनला आलं तर हे जमवणं अवघड आहे, तेव्हा लॅबची वेळ आधी फोनवर विचारा. क्षार, कठीणपणा बघायचा असेल तर मात्र दोन लिटरचा स्वच्छ कॅन पुरतो.

रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी ई-कोलायचा (मैल्यातल्या जंतूचा) रकाना बघा. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलीलीटरमध्ये तो एकही नसायला पाहिजे, एक जरी निघाला तरी पाण्यात मैला गेलाय. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागं ५०० मिलीग्रॅमपर्यंत उत्तम, नाइलाज असेल तर २००० पर्यंत. लोक पाच-सातशे रुपयांचं टीडीएस मीटर घेऊन फिरतात, पण ते फक्त क्षार दाखवतं, मैलामिश्रित पाण्याचा टीडीएस पण दोनशे येऊ शकतो. आरओवाला मीटर बुडवून घाबरवतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि त्याच भांड्यात झाकून ठेवा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. टाकीत टाकायचं असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, आधी मगात कालवून वरची निवळी घालायची आणि तासभर थांबायचं. पण गटारीचा वास असलेल्या पाण्याला हा उपाय करत बसू नका, ते ओतून द्या, जीवावर येतं तरी.

मुदत उलटली, किंवा "दोष नाही" म्हणून तक्रार निकाली काढली, तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करायचं, पोचेची आणि उत्तराची प्रत लावून. उशीर झाला तर योग्य कारण देऊन नव्वद दिवसांपर्यंत घेतात. त्यानंतर द्वितीय अपील, त्यानंतर महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही असं ठरलं तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज पण टाकून ठेवा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणानं परत येतो. त्यात "पाणी घाण का येते" असं विचारू नका, "का"चं उत्तर मिळत नाही. आपल्या भागातल्या मागच्या तीन महिन्यांच्या ओटी टेस्टच्या नोंदवहीची प्रत, जंतू तपासणीचे रिपोर्ट आणि गळती दुरुस्तीची नोंद, एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, झेरॉक्सला पानामागं दोन रुपये.