लेकराला बोट का लागते?

आमच्या लहानपणी औरंगाबादहून चाळीसगावकडे जाणारी एसटी कन्नड सोडून औट्रम घाटात उतरू लागली की गाडीतल्या बायका आपापल्या लेकरांच्या तोंडाकडे पाहायला लागत. तिसऱ्या-चौथ्या वळणावर एखादे पोर जांभया देई, मग गप्प होई, मग त्याचे ओठ पांढरे पडत, आणि त्यानंतर काय होणार हे सगळ्या गाडीला ठाऊक असे. याला आपण 'गाडी लागणे' म्हणतो. मुंबईहून कोकणात आगबोटीने जाणारी माणसे 'बोट लागणे' म्हणत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नसल्यामुळे हा दुसरा शब्द आपल्याकडे फारसा वापरात आला नाही. आता मात्र लातूर, नांदेड, परभणीची कुटुंबे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझची तिकिटे काढू लागली आहेत आणि घाटात ओकणाऱ्या लेकराचे भर समुद्रात काय होईल, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो.

गाडी लागणे आणि बोट लागणे हा एकच विकार आहे. ज्या मुलाला घाटात मळमळते, त्याला जहाजावरही मळमळण्याची शक्यता अधिक असते. पण ज्या आईवडिलांना हे आधीपासून माहीत असते त्यांची बाजू भक्कम असते, कारण या विकारावरचे जवळजवळ सगळे उपाय त्रास सुरू होण्यापूर्वीच नीट चालतात. असे का, हे समजण्यासाठी आधी कानाकडे वळावे लागेल.

घरातले एक गोल पातेले पाण्याने अर्धे भरावे, पाण्यावर चिमूटभर हळद टाकावी आणि पातेले जागच्या जागी झटकन फिरवावे. पातेले फिरते, पण हळद क्षणभर जागेवरच राहते. पाणी मागे रेंगाळलेले असते. थोडा वेळ फिरवत राहिले की पाणीही फिरू लागते, आणि मग पातेले एकदम थांबवले तरी हळद फिरतच राहते. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, हाडात कोरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी जवळपास काटकोनात असतात आणि त्यांत असाच एक द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव मागे राहतो, त्याच्या दाबाने आतले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला डोके वळल्याची खबर पोचते. त्यांच्या शेजारीच दोन लहान पिशव्या असतात. त्यांतल्या चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडी ज्या द्रव्याची बनलेली असते त्याच द्रव्याचे, बारीक कण बसलेले असतात. शरीर वर गेले, खाली आले, पुढे ढकलले गेले किंवा नुसते कलले, तरी हे जड कण सरकतात आणि मेंदूला तेही कळते.

जहाजाच्या खोलीत बसलेल्या मुलाच्या मेंदूपुढे आता दोन साक्षी येतात. कान सांगतो की आपण वर-खाली होत आहोत आणि डावी-उजवीकडे झुकत आहोत. डोळ्यांना समोर पलंग, भिंत आणि टीव्ही दिसतो, आणि या वस्तू मुलाबरोबरच हलत असल्यामुळे डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. ही विसंगती आणि आजवरच्या अनुभवातून मेंदूने बांधलेला अंदाज यांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. हा विचार जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड या संशोधकांनी 1975 साली सविस्तर मांडला आणि आजही तोच सर्वाधिक मान्य आहे. कानाचा यातला वाटा किती मोठा आहे, याची खूण त्याच्या बऱ्याच आधी सापडली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1882 साली मूकबधिर व्यक्तींचा अभ्यास केला. ज्यांचा अंतर्कर्ण निकामी झालेला होता अशा अनेकांना गरगर फिरवले तरी चक्कर येत नव्हती आणि समुद्रात बोटही लागत नव्हती, असे त्यांना आढळले. गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, याचे कारणही याच विचारात आहे: पुढचे वळण त्याच्या मेंदूला आधीच माहीत असते.

पण दोन साक्षी जुळल्या नाहीत म्हणून ओकारी का यावी? मिशेल ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एक तर्क मांडला. निसर्गात डोळे आणि तोल यांचा मेळ बिघडण्याचे जुने कारण म्हणजे पोटात गेलेले विष; म्हणून मेंदू हा बिघाड विषबाधा समजतो आणि पोट रिकामे करायला लावतो. हा तर्क सिद्ध झालेला नाही, पण मला तो पटतो. निदान वळणावळणावर घाबरणाऱ्या आईला तो एवढे तरी सांगतो की लेकराचे पोट बिघडलेले नाही.

सगळ्याच हालचाली सारख्या त्रासदायक नसतात, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर बैलगाडी कितीही आदळली तरी ओकारी येत नाही, कारण ते धक्के सेकंदाला एकदा किंवा त्याहून जास्त वेगाने बसतात. सर्वांत वाईट असते ती संथ, वर-खाली होणारी लय, सुमारे पाच सेकंदांना एक हेलकावा अशी. प्रयोगशाळेत माणसांना वर-खाली हलवून केलेल्या मोजणीत हे दिसले आहे. नागपंचमीला आपल्याकडे उंच लिंबाला झोका बांधतात. त्याची दोरी सहा मीटर असेल तर त्याचे एक येणे-जाणे जवळपास पाच सेकंदांचे होते, आणि दोन मीटरचा झोका तीन सेकंदांच्या आतच परततो. उंच झोक्यावरून उतरलेल्या काही मुलींच्या पोटात का ढवळते, याचा अंदाज यावरून बांधता येईल. समुद्रातल्या लांब लाटांवर मोठे जहाज साधारण अशाच संथ लयीत उठते-बसते.

वयाचाही यात मोठा भाग असतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना बोट क्वचितच लागते. त्यानंतर त्रास वाढत जातो, साधारण नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि किशोरवयात ओसरू लागतो. मुलींना तो मुलग्यांपेक्षा काहीसा जास्त होतो. ज्या मुलांना अर्धशिशी आहे किंवा घरात ती चालत आलेली आहे, त्यांनाही जास्त होतो. लहान मूल 'मळमळते' असे क्वचितच म्हणते. ते 'पोट दुखते' म्हणते, चिडचिड करते किंवा खेळता खेळता गप्प बसते. जांभया, फिकट चेहरा, कपाळावर गार घाम आणि तोंडाला सुटणारे पाणी ही त्याच्या आधीची चिन्हे होत. ती दिसताच हालचाल करावी. पहिल्या उलटीची वाट पाहू नये.

तयारी तिकीट काढतानाच सुरू होते. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि मुंबईच्या क्रूझ बहुतेक करून पावसाळा संपल्यावरच सुटतात. हिवाळ्यातला समुद्र त्या मानाने शांत असतो. जहाज पुढून-मागून सी-सॉसारखे उचलले जाते, त्यामुळे टोकाच्या खोल्या सर्वांत जास्त वर-खाली होतात. डोलताना वरचे मजले जास्त झुलतात. म्हणून जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी. अडचण अशी की अशा खोल्यांना पुष्कळदा खिडकी नसते. माझ्या मते रात्रीच्या झोपेसाठी ती खोली घ्यावी आणि मुलाचा जागेपणीचा वेळ उघड्या डेकवर जाऊ द्यावा. आधुनिक जहाजांना पाण्याखाली पंखांसारखी स्थिरके असतात. त्यांनी डोलणे बरेच कमी होते, पण वर-खाली होणे थांबत नाही.

डेकचा उपयोग किती होतो, हे मला माझ्या भाचीने शिकवले. ती आठ वर्षांची, हिंगोलीत वाढलेली, समुद्र पहिल्यांदा पाहणारी. मोठ्या सहलीआधी परीक्षा म्हणून आम्ही तिला मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसवले. ऊन लागू नये म्हणून खालच्या बंदिस्त भागात बसलो आणि तिने कुरकुर करू नये म्हणून हातात मोबाईल दिला, म्हणजे दोन्ही चुका एकदम केल्या. पंधरा मिनिटांत तिने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला आणि 'मामा, खिडकी उघड ना' म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते. तिला वर नेले, बोट जात होती त्या दिशेला तोंड करून बसवले, पाठ आणि डोके टेकवून दिले आणि पलीकडच्या किनाऱ्याच्या डोंगरांची रेघ दाखवून त्यावरून नजर काढायची नाही असे सांगितले. मांडव्याचा धक्का येईपर्यंत ओठांवर रंग परतला होता. क्षितिज हलत नाही. त्याकडे पाहिले की डोळेही कानाचीच बाजू घेतात आणि भांडण मिटते. क्षितिज दिसत नसेल तेव्हा उताणे निजवून डोळे मिटायला लावणे हा दुसरा चांगला मार्ग; निदान एक साक्षीदार तरी गप्प होतो. सावकाश, एका लयीत श्वास घेतल्यानेही मळमळ कमी होते.

खाण्याबाबत आपल्याकडे दोन टोके आहेत: प्रवासाला निघताना काहीच खाऊ द्यायचे नाही, किंवा डब्यातले तेलकट धपाटे पोटभर खाऊ घालायचे. दोन्ही टाळावे. कोरडी दशमी, थोडा मऊ भात किंवा केळे असे हलके आणि थोडे थोडे द्यावे. आल्याबद्दल आजीचे म्हणणे पूर्णपणे खोटे नाही. डेन्मार्कमध्ये 80 नौदल छात्रांवर केलेल्या आणि 1988 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुंठीच्या पुडीने उलट्या आणि गार घाम कमी झाले. इतर काही प्रयोगांत मात्र फरक दिसला नाही. आलेपाकाची वडी चघळायला द्यायला हरकत नाही, भरवसा तिच्यावरच ठेवू नये. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांबद्दलही पुरावा असाच संमिश्र आहे. पोटावर वर्तमानपत्र बांधण्याच्या उपायाला शास्त्रीय आधार नाही, पण लेकराला धीर येत असेल तर बांधावे. कारण अपेक्षेचा परिणाम खरा असतो. इस्रायली नौदलातल्या काही छात्रांना 'तुम्हाला बोट लागण्याचा संभव कमी आहे' असे सांगितले, तर त्यांना इतरांपेक्षा कमी त्रास झाला. हा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा दर दहा मिनिटांनी 'मळमळतंय का रे?' असे विचारणे बंद करावे आणि चेहऱ्याकडे गुपचूप लक्ष ठेवावे.

औषधांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहावे लागते. बोट लागण्यावर उपयोगी पडतात ती जुन्या पिढीची, झोप आणणारी अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जीविरोधी) औषधे, कारण ती मेंदूपर्यंत पोचतात. सर्दीसाठी घरात असलेली, झोप न आणणारी नवी औषधे इथे कामाची नाहीत. मुलांच्या उलट्यांसाठी घरोघरी ठेवलेले ऑन्डॅनसेट्रॉनचे सिरपही बिघडलेल्या पोटाच्या उलटीवर चालते, बोट लागण्यावर त्याचा उपयोग होत नाही. जहाजावर नेमकी तीच बाटली काढली जाते. जुन्या अँटिहिस्टामिनांपैकी डायमेनहायड्रिनेट दोन वर्षांवरील मुलांना देतात. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली कधीही देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. कानामागे लावायची स्कोपोलामिनची चिकटपट्टी मोठ्यांसाठी आहे, मुलांसाठी नाही. मात्रा वजनावरून ठरते, म्हणून ती बालरोगतज्ज्ञांकडूनच लिहून घ्यावी आणि मोठ्यांच्या गोळीचा अंदाजाने अर्धा तुकडा करू नये. काही मुले या औषधांनी झोपण्याऐवजी उलट पिसाळल्यासारखी उड्या मारतात, म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी एक मात्रा देऊन पाहावी. आणि गोळी जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यावी. मळमळ सुरू झाली की जठर आपले काम जवळपास थांबवते, पोटातले पुढे सरकत नाही, आणि गिळलेली गोळी रक्तात न जाता तिथेच पडून राहते किंवा उलटीवाटे बाहेर येते.

तरीही उलट्या सुरू झाल्याच, तर तासभर खाण्याचा आग्रह सोडून जलसंजीवनी द्यावी. ग्लासभर एकदम पाजले की तेही बाहेर येते; दर दोन-तीन मिनिटांनी एक चहाचा चमचा, एवढेच द्यावे. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. खोक्यात मिळणारी फळांची गोड पेये जलसंजीवनीची जागा घेत नाहीत. सहा ते आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, जीभ कोरडी पडली किंवा मूल जागे करूनही सुस्त वाटते, तर जहाजावरच्या डॉक्टरांकडे न्यावे. उलटीबरोबर ताप किंवा जुलाब असतील तर ते बोट लागणे नव्हे. जहाजासारख्या बंद जागेत नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू झपाट्याने पसरतो, तेव्हा लाजून खोलीत बसू नये, डॉक्टरांना लगेच कळवावे.

बहुतेक मुलांचा मेंदू दोन-तीन दिवसांत जहाजाची लय शिकून घेतो आणि त्रास आपोआप कमी होतो. दोन रात्रींच्या सहलीत गंमत अशी होते की ही शिकवणी पुरी होता होताच किनारा येतो. मग जमिनीवर उतरलेले लेकरू म्हणते की फरशी हलते आहे. माझ्या भाचीला हिंगोलीच्या घरी, स्वतःच्या पलंगावर, पहिली रात्र डोलल्यासारखे वाटत होते आणि ती उशी घट्ट धरून झोपली. हे डोलणे सहसा काही तासांत, फार तर दोन दिवसांत थांबते. आठवडा उलटूनही राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.