ग्लायसिनपासून प्रोपिओनेटपर्यंत: प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमियाची पार्श्वभूमी

पहिले दोन-तीन दिवस बाळ ठीक असतं. मग दूध ओढायचं कमी होतं, उलट्या सुरू होतात, बाळ मलूल पडतं आणि श्वास जोरजोरात चालतो. पहिला शिक्का बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचा बसतो. त्यात डॉक्टरांना दोष द्यावा असंही नसतं, कारण पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी, अंग थंड, असं सगळं चित्र त्याच बाजूला बोट दाखवतं. वेगळी दिसते ती लघवीत बुडवलेली कीटोनची (चरबी मोडताना तयार होणाऱ्या द्रव्यांची) पट्टी. ती गडद जांभळी होते. नवजात बाळ आजारी असो वा उपाशी, त्याच्या लघवीत एवढे कीटोन सहसा उतरत नाहीत. रक्तात आम्लता, वाढलेला अ‍ॅनायन गॅप (रक्तातल्या न मोजलेल्या आम्लांचा अंदाज देणारा आकडा), चढलेला अमोनिया आणि ही जांभळी पट्टी एकत्र आली की आज कुठल्याही मेटाबॉलिक विभागात पहिल्या दोन-तीन नावांत प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमिया येतोच, म्हणजे प्रथिनं मोडताना तयार होणारं प्रोपिओनेट पुढे न मोडता शरीरात साचण्याचा जन्मजात आजार.

आजाराचा इतिहास मात्र प्रोपिऑनिक आम्लापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो ग्लायसिन या प्रथिनांतल्या अमिनो आम्लापासून, आणि पुढची दहा वर्षं तिथेच अडकून राहतो.

१९६१ मध्ये एका मुलाची हकिकत प्रसिद्ध झाली. उलट्या, मलूलपणा, कीटोसिस (शरीरात कीटोन साचणं) यांचे झटके पुन्हा पुन्हा येत, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरत, वाढही मागे पडलेली. रक्तात आणि लघवीत ग्लायसिन प्रचंड वाढलेलं होतं. अमिनो आम्लं नेमकी मोजण्याची यंत्रं तेव्हा नुकतीच प्रयोगशाळांत आली होती. त्या यंत्राला ग्लायसिन दिसलं आणि तेच आजाराचं नाव झालं: हायपरग्लायसिनेमिया. प्रथिनं जास्त झाली किंवा ताप आला की झटका येतो, हेही त्याच मुलात टिपलं गेलं. पण झटका आणणारी अमिनो आम्लं होती आयसोल्युसिन, व्हॅलिन, थ्रिओनिन, मेथिओनिन अशी. ज्याच्या नावाने आजार ओळखला जात होता ते ग्लायसिन त्यात नव्हतं. आज मागे वळून पाहताना वाटतं, धागा तिथेच हाताशी होता. ही चारही अमिनो आम्लं मोडली की शेवटी प्रोपिओनिल-कोए, म्हणजे कोएन्झाइम-ए ला जोडलेलं प्रोपिओनेट, तयार होतं. पण आम्ल मोजायचं साधन नसताना तो धागा पकडणार कसा?

गोंधळ वाढला १९६५ नंतर. रक्तात ग्लायसिन वाढलेलं, पण कीटोसिस नाही, आम्लता नाही, अशी मुलं नोंदली जाऊ लागली. त्यांच्यात आकडी, ढिलेपणा, उचक्या, श्वास थांबणं असा थेट मेंदूचा आजार होता. मग नावाची फाळणी झाली. जुना आजार ‘कीटोटिक हायपरग्लायसिनेमिया’ आणि नवा ‘नॉन-कीटोटिक’. कागदावर ही जोडी फार नीटस दिसते. प्रत्यक्षात आडनाव एक आणि घराणी वेगळी असा प्रकार होता. नॉन-कीटोटिकमध्ये ग्लायसिन मोडणारी यंत्रणाच बिघडलेली असते, म्हणजे तिथे ग्लायसिन हा खरा गुन्हेगार. कीटोटिकमध्ये ते गुन्ह्याच्या जागी सापडलेलं नुसतं एक माणूस. साचलेली कोए-संयुगं यकृतातल्या ग्लायसिन मोडण्याच्या यंत्रणेला आवर घालतात आणि म्हणून ग्लायसिन वाढतं, असं आता मानलं जातं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कीटोटिक हायपरग्लायसिनेमिया हा एक आजारही नव्हता. १९६७ मध्ये मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडेमियाचं वर्णन आलं, आणि त्या मुलांतही ग्लायसिन वाढलेलं, कीटोसिस तसाच, पेशींची घसरणही तशीच. म्हणजे एकाच पाटीखाली निदान दोन आजार नांदत होते. हा नुसता शब्दांचा घोळ नव्हता. मिथाइलमॅलोनिकच्या काही रुग्णांना बी-१२ जीवनसत्त्वाचा चांगला गुण येतो. ‘कीटोटिक हायपरग्लायसिनेमिया’ एवढंच लिहून फाइल मिटवली, तर असं मूल त्यातून निसटू शकतं. उलट बाजूही आहे. प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमियात ऐन झटक्याच्या वेळी ग्लायसिन कधी कधी जवळपास नॉर्मल येतं. नावावर विसंबणारा तेव्हा निदानच बाजूला ठेवणार. माझ्या मते हे नाव १९७० च्या सुरुवातीलाच रद्द व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. कंसात, जोडनावात, समानार्थी शब्दांच्या यादीत ते पुढे कित्येक वर्षं टिकलं, आणि जुने लेख चाळणाऱ्या विद्यार्थ्याला आजही ठेच लागते ती इथेच.

खरा उलगडा दोन टप्प्यांत झाला. १९६८ मध्ये एका नवजात बाळाची नोंद आली. तीव्र आम्लतेने ते पहिल्याच आठवड्यात दगावलं होतं आणि त्याच्या रक्तात प्रोपिऑनिक आम्लाचा साठा सापडला. प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमिया हे नाव तेव्हापासूनचं. दुसरा टप्पा जास्त विलक्षण आहे. १९६१ च्या मुलाच्या धाकट्या बहिणीलाही तोच आजार होता. १९६९ ते १९७१ या काळात तिच्या पेशी तपासल्यावर दिसलं की त्यांना प्रोपिओनेट पुढे ढकलताच येत नाही. कमतरता प्रोपिओनिल-कोए कार्बॉक्सिलेज या एन्झाइमची होती. दहा वर्षांपूर्वी ग्लायसिनच्या नावावर चढवलेला आजार तिच्या पेशींनी प्रोपिओनेटच्या नावावर केला.

त्यानंतरची प्रयोगशाळेची गोष्ट म्हणजे एकेक यंत्र आलं आणि आजाराचा एकेक पैलू दिसू लागला, अशी आहे. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या जोडीने लघवीतली सेंद्रिय आम्लं वेगळी काढता येऊ लागली. १९७२ मध्ये साचलेल्या प्रोपिओनिल-कोएपासून बनणारं मिथाइलसिट्रेट ओळखलं गेलं. त्याच्या जोडीला ३-हायड्रॉक्सिप्रोपिओनेट, प्रोपिओनिलग्लायसिन आणि टिग्लिलग्लायसिन. गंमत अशी की खुद्द प्रोपिऑनिक आम्ल या चाचणीत क्वचितच नीट सापडतं. ते उडून जाणारं आहे, नमुना तयार करतानाच निसटतं. म्हणून काही रिपोर्टांवर दिसणारा ‘प्रोपिऑनिक अ‍ॅसिड्युरिया’ हा शब्द मला कायम खटकतो. लघवीत सापडतात ती त्याची नातलग संयुगं. हेही कारण आहे की रिपोर्टमध्ये ‘प्रोपिऑनिक आम्ल आढळले नाही’ अशी ओळ असली तरी निर्धास्त होऊ नये. मिथाइलसिट्रेट काय म्हणतं ते पाहावं.

बायोटिनचं प्रकरण थोडक्यात सांगतो. प्रोपिओनिल-कोए कार्बॉक्सिलेजला बायोटिन हे जीवनसत्त्व लागतं, त्यामुळे १९७० च्या आसपास बायोटिनने सुधारणाऱ्या मुलांच्या नोंदी आल्या आणि आशा वाढली. पुढे अनेक कार्बॉक्सिलेज एकदम बंद पडणारे दोन वेगळे आजार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले आणि बायोटिनचं खरं घर तिथे आहे हे कळलं. प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमियात बायोटिनचा ठोस फायदा दिसत नाही. निदान पक्कं होईपर्यंत ते देतात, कारण तोटा नाही. जनुकंही त्याच दशकात हाती लागली: एन्झाइमच्या अल्फा उपघटकाचं १३ व्या गुणसूत्रावर, बीटाचं ३ ऱ्या. शरीर बीटा गरजेपेक्षा जास्त बनवतं, त्यामुळे बीटात बिघाड असलेल्या मुलांच्या पालकांत एन्झाइमचं काम नॉर्मल दिसायचं. वाहक (एकच सदोष जनुक असलेली निरोगी माणसं) ओळखताना त्या काळी यावरून बरीच डोकेदुखी झाली.

अमोनियाने मात्र उपचारांची दिशा बदलली. प्रोपिओनिल-कोए साचलं की एन-असिटिलग्लुटामेट बनवणारं एन्झाइम दबतं आणि युरिया चक्राचं (अमोनियाचा युरिया करणाऱ्या यंत्रणेचं) पहिलं पाऊलच अडखळतं, हे १९७० च्या दशकाच्या शेवटी पुढे आलं. युरिया चक्राच्या मूळ आजारात अमोनियासोबत ग्लुटामिनही चढतं. इथे अमोनिया वर आणि ग्लुटामिन नॉर्मल किंवा खाली असं उलटं चित्र दिसतं. नुसत्या अमोनियावरून युरिया चक्राचा आजार ठरवण्याआधी ग्लुटामिनचा आकडा पाहिलेला बरा. त्या दबलेल्या पायरीची भरपाई करणारं कार्ग्लुमिक आम्ल युरोपात या आजारांसाठी २०११ मध्ये मान्य झालं, अमेरिकेत २०२१ मध्ये. अमोनियाचा नमुना हा आणखी एक नाजूक मामला. दंड घट्ट न बांधता रक्त घ्यायचं, लगेच बर्फात ठेवायचं आणि धावत प्रयोगशाळेत पोहोचवायचं. तासभर टेबलावर पडलेल्या नळीतला आकडा खोटा चढतो, आणि मग खऱ्या चढलेल्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

१९८० च्या दशकात उपचारांत कार्निटिन आलं, प्रोपिओनिल गट बांधून बाहेर न्यायला. पुढे त्याच प्रोपिओनिल-कार्निटिनने निदानाचं काम केलं. १९९० च्या दशकात टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री आल्यावर टाचेतून टीपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ते मोजता येऊ लागलं. त्याला सी-३ म्हणतात. इथून स्क्रीनिंगचा, म्हणजे सगळ्याच नवजात बाळांची सरसकट तपासणी करावी का याचा, वाद सुरू होतो. अमेरिकेने २००० च्या दशकात आपल्या स्क्रीनिंगच्या मुख्य यादीत हा आजार घेतला, इतर अनेक देशांनी घेतला नाही. विरोधकांचा मुद्दा खोटा नाही. सी-३ मिथाइलमॅलोनिकमध्येही वाढतं, आईला बी-१२ कमी असेल तर निरोगी बाळातही वाढतं, आणि तीव्र स्वरूपाची बाळं अहवाल हाती येण्याआधीच आजारी पडतात. तरीही मला हा विरोध कोता वाटतो. त्याच थेंबावर मिथाइलसिट्रेटची दुसरी चाचणी केली की खोटे धोक्याचे इशारे बरेच कमी होतात. आणि उशिरा उगवणाऱ्या स्वरूपाची मुलं, जी वर्ष-दोन वर्षांची होईपर्यंत ‘नीट जेवत नाही, सारखा ओकतो’ एवढ्यावरच राहतात, त्यांना थेंबाशिवाय दुसरा वाली नाही.

मुलं जगू लागली तशी आजाराची वेगळी बाजू दिसू लागली, आणि आजच्या चर्चेचा भार तिकडेच आहे. १९९० च्या दशकात हृदयाच्या स्नायूचा आजार नोंदला गेला. आहार नीट, अमोनिया आटोक्यात, तरीही हृदय फुगतं. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक अवधी) लांबतो. स्वादुपिंडाचा दाह होतो, मेंदूच्या बेसल गँग्लियाला (हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला) इजा होते, डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो. प्रथिनं फार कापली तर त्वचेचंही बिनसतं. तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी लाल, सोलवटलेले चट्टे येतात, ते जस्ताच्या कमतरतेसारखे दिसतात आणि म्हणून जस्त दिलं जातं. चट्टे बऱ्याचदा आयसोल्युसिन कमी पडल्याचे असतात, आणि ते थोडं वाढवलं की ओसरतात. ज्या अमिनो आम्लाला घाबरून आहार आखला, त्याच्याच तुटवड्याचा हा आजार.

प्रोपिओनेटचा एक वाटा आतड्यातल्या जिवाणूंकडूनही येतो, म्हणून मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाचे अधूनमधून कोर्स देतात. बद्धकोष्ठ झालं की आकडे बिघडतात, हे पालकांना रिपोर्टाआधी कळतं. यकृत प्रत्यारोपणानंतर झटके बहुतेक थांबतात आणि काही मुलांचं हृदय सावरतं. पण मिथाइलसिट्रेट रक्तात आणि लघवीत वाढलेलंच राहतं, कारण स्नायू आणि इतर ऊती ते बनवतच असतात. प्रत्यारोपणानंतरचा पहिला रिपोर्ट हातात आलेल्या आईवडिलांना, ‘हा आकडा वर का?’ याचं उत्तर आधीच देऊन ठेवावं लागतं.